आनेकलला गेलेल्या कादंबऱ्या

आक्का, तुमच्या तेराव्याला जो भेटला त्यानं मला एकच सांगितलं, की तुम्ही फार सोशिक होतात. समोरच्या घरातल्या कन्नड मामींनी सांगितलं, बेळगावहून आलेल्या तुमच्या मावसबहिणीनं सांगितलं, तुमच्या धाकट्या दिरांनी तर दोनदा सांगितलं.  सोशिक म्हणजे काय, तर हिला काय वाटतं हे आम्हाला कधी विचारावं लागलं नाही. हार घातलेल्या फोटोत तुम्ही हसत होतात, त्यामुळे त्यांचं आणखीच फावलं.

तुम्ही सोशिक नव्हतात. एका कादंबरीत नवऱ्यानं मारल्यावर बायको संध्याकाळी त्याच्याच पायांना तेल चोळते, ते पान तुम्ही माझ्यासमोर टरकन फाडलंत आणि त्याची पुडी करून त्यात मोहरी भरलीत. मी म्हटलं, "आक्का, पुस्तक आहे ते." तुम्ही म्हणालात, "असूदे की. मोहरी तरी चांगली आहे."

आपली ओळखही कादंबऱ्यांमुळेच झाली. मी पुण्याहून बेंगळुरूला येऊन बरीच वर्षं झाली होती, नोकरी बेळ्ळंदूरला, घरही तिथंच, आणि त्या घरात तेव्हा नुकतीच एकटी राहायला लागले होते. मराठी मंडळींच्या ग्रुपवर मी सहज लिहिलं, की बायका, घरातली गुपितं आणि मैत्री अशा विषयांवरच्या चांगल्या कादंबऱ्या सुचवा. लोकांनी नेहमीची नावं पाठवली, अंगठे पाठवले. रात्रीच्या जेवणाआधी एका अनोळखी नंबरावरून आवाजी निरोप आला. "मी इंदू बोलतो, राजाजीनगरहून. नावं सांगतो मी, भरपूर आहेत. पण तू आधी सांग. बाई, गुपित, मैत्री हे तिन्ही एकदम मागणारी बाई उगाच मागत नाही. कोण गेलं तुझं?"

तुमच्या त्या बेळगावी 'मी बोलतो, मी सांगतो'चं मला हसू आलं, आणि मग हातातला फोन तसाच ठेवून मी रडले. माझा नवरा गेला होता. माझी मैत्रीण गौरी गेली होती. दोघं एकमेकांकडे गेले होते.

पुढच्या रविवारी मी तुमच्याकडे आले. दोन स्टीलची कपाटं भरून कादंबऱ्या, आणि ओळीत लावताना तुमची स्वतःची तऱ्हा. लेखक नाही, वर्ष नाही. एका खणात 'बायका एकमेकींशी बोलतात' अशा, दुसऱ्यात 'बोलत नाहीत' अशा. तिसऱ्या, सगळ्यात खालच्या खणात पेटीवाल्या. म्हणजे ज्यात म्हातारी मरते, मग पेटी उघडतात, पेटीत एक जुनं पत्र निघतं आणि सगळ्या घराला धक्का बसतो. त्या तुम्ही लोकांना प्रवासात वाचायला द्यायचात, हरवल्या तरी चालतील म्हणून.

"पेटी उघडली की पुस्तक मिटायचं," तुम्ही मला सांगितलंत. "खऱ्या घरात गुपित सगळ्यांना ठाऊक असतंय. कोण बोलायचं नाही, एवढंच ठरलेलं असतंय."

त्या वर्षी तुम्ही मला वाचायला लावलं नसतंत तर माझं काय झालं असतं मला माहीत नाही. दोन जावांची ती कादंबरी, ज्यात दोघी मिळून सासऱ्याचा एक गुन्हा झाकतात आणि म्हातारपणी त्यावरूनच भांडतात. मावशी आणि भाचीची ती, जिच्या शेवटी कुणीच कुणाला क्षमा करत नाही. तुम्ही पुस्तक द्यायचात आणि परीक्षा घेतल्यासारखं विचारायचात. मी आठवडाभर वाचलं नसेल तर ताटात पोळीच वाढायची नाही. "स्वल्प थांब, आधी सांग, त्या थोरल्या जावेनं विहीर का बुजवली?" मी सांगायचे, मग जेवायचे. त्या काळात मी फक्त तुमच्याकडेच नीट जेवत होते.

मग एके दिवशी तुम्ही मला एक खोटं बोलायला सांगितलंत.

"गुरुवारी मी तुझ्याकडं आलोय असं शिरीषला सांगायचं," तुम्ही म्हणालात. शिरीष तुमचा मुलगा. "त्याचा फोन आला तर हो म्हण. आम्ही वाचतोय म्हण."

"आणि तुम्ही कुठं असणार?"

"आनेकलला."

आनेकल म्हणजे शहराच्या पार दक्षिणेचं टोक. राजाजीनगरहून तिथं जायचं तर एका बसमधून दुसऱ्या बसमध्ये, अर्धा दिवस जातो. मी विचारलं, तिथं कोण आहे. तुम्ही शेगडीवरचं दूध उतरवलंत, कॉफी केलीत, माझ्यासमोर ठेवलीत आणि मग सांगितलंत. तुमचा आवाज भाजीचा भाव सांगावा तसा होता. मी ते आजही तुमच्याच शब्दांत आठवते.

तुमचे यजमान आनेकलच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्यांना रविवारीसुद्धा ओव्हरटाइम लागायला लागला. सासूला माहीत होतं, दिरांना माहीत होतं, तुम्हालाही पहिल्याच वर्षी कळलं. तिथं एक बाई होती, निपाणीकडची, हौसा नावाची, शिवणाच्या कारखान्यात काम करणारी. कुणी काही बोललं नाही. रविवारचा डबा तुम्ही भरायचात, आणि मोठा झाल्यावर शिरीष तो डबा स्कूटरला अडकवून द्यायचा.

"ते पचलं," तुम्ही म्हणालात. "बायकांना काय काय पचतंय. पण पुढचं ऐक."

ते हॉस्पिटलात शेवटचे होते तेव्हा ती बाई भेटायला आली. दारातून तिनं तुम्हाला बघितलं, गळ्यात मंगळसूत्र, उशाशी बसलेल्या. तिनं नर्सला विचारलं, ह्या कोण. नर्स म्हणाली, पेशंटची बायको. ती बाई तिथंच भिंतीला धरून खाली बसली. शिरीषनं तिला दंडाला धरून बाहेर काढलं. तुम्ही तिच्यामागे खाली कँटीनपर्यंत गेलात, चांगलं भांडायचं ठरवून. तिच्यासमोर इडलीची बशी होती आणि ती खात नव्हती. तुम्हाला बघून ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही तर वारला होता."

तिला त्यांनी सांगितलं होतं, बायको बाळंतपणात गेली, लहान मुलगा आहे, घरात आई सांभाळते. देवळात हार घालून तिच्याशी लग्न केलं होतं. तिला दोनदा दिवस गेले, तर दोन्ही वेळा दवाखान्यात नेऊन आणलं, आणि कारण काय दिलं, तर घरी आईविना पोर आहे, त्याला वाईट वाटेल. आणि ती वेडी बाई त्या आईविना पोरासाठी शेंगदाण्याचे लाडू करून पाठवायची. कारखान्यातल्या कुणाच्या तरी बायकोनं दिलेत म्हणून ते तुमच्या घरी यायचे. शिरीषला फार आवडायचे.

एवढं सांगून तुम्ही थांबलात. मला वाटलं संपलं. मग म्हणालात, "दर वर्षी पितृपक्षात अविधवा नवमीला ती एक सवाष्ण जेवायला घालायची. माझ्या नावानं. पुरणपोळी करायची. आणि मीनल, हे तिथं बसून ती पुरणपोळी खात होते. माझ्या श्राद्धाची. संध्याकाळी घरी येऊन मला म्हणायचे, आज हलकंच काहीतरी कर, पोट जड आहे."

आणि तुम्ही हसलात. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात.

मला हसू आलं नाही, आक्का. माझ्या तोंडात कॉफी होती ती मी बेसिनमध्ये थुंकले. त्या माणसाचा फोटो तुमच्या हॉलमध्ये होता, चंदनाच्या हारात, त्याच्यासमोर रोज उदबत्ती लागायची. मला तो फोटो उचलून कचऱ्याच्या गाडीत टाकावासा वाटला. त्याहून जास्त शिसारी मला त्या सगळ्या घराची आली, ज्यांनी इतकी वर्षं रविवारचा डबा जाताना बघितला. आणि खरं सांगायचं तर थोडी तुमचीही. कारण तुम्ही त्या बाईच्या पुढ्यातली इडली तिला खाऊ घातलीत, तिचा नंबर घेतलात, आणि वर्षश्राद्ध होताच पिशवीत दोन कादंबऱ्या घालून तिच्याकडे जायला लागलात.

"तुम्ही त्यांना माफ केलंत," मी म्हणाले.

"कुणाला? ह्यांना? छे."

"मग हे काय आहे?"

"हे माझं आहे. ह्यांचं नाही."

मी तुमच्यासाठी खोटं बोलले. गुरुवारी दुपारी शिरीषचा फोन यायचा, "मीनलताई, आई पोचली ना?" आणि गुरुवारी मी घरून काम करते असं त्याला पटवलेली मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून सांगायचे, हो, वाचत बसल्यात. मला त्याची किळस यायची. एका माणसानं घरभर लपवाछपवी केली, त्यात आता मीही भर घालत होते. मी तुम्हाला कितीदा म्हटलं, सांगून टाका, तुमचं घर आहे, तुमच्या नावावर आहे. तुम्ही म्हणायचात, "शिरीषला ती बाई नको आहे. त्याला वाटतंय त्याच्या आईचा अपमान झालाय. आता आईच तिकडं जातीय म्हटल्यावर त्यानं जायचं कुठं?"

"बाबांचा डबा न्यायला त्याला चालत होतं."

"चालत होतं की," तुम्ही म्हणालात. "बापाचं सगळ्या पोरांना चालतंय."

एकदा, फक्त एकदा, तुम्ही मला आनेकलला चल म्हणालात. मी नाही म्हटलं. तुम्ही आग्रह धरला नाहीत, पण हौसाबाईंच्या गोष्टी सांगत राहिलात. त्यांना सासूच्या छळाच्या कादंबऱ्या आवडतात, जितका छळ जास्त तितकं बरं. त्या आधी शेवट वाचतात, मग ठरवतात. एका नायिकेचा त्यांना इतका राग आला की तिच्या नावाची पानं त्यांनी वाचलीच नाहीत, त्यामुळे कादंबरी निम्म्यात संपली. तुम्ही दोघी त्यावर दिवसभर भांडलात. तुम्ही हे सांगताना तरुण दिसायचात आणि मला ते बघवायचं नाही. मला वाटायचं, ही दुसऱ्या बाईनं विटाळलेली जागा आहे, तिथं बसून ह्या भाकरी कशा खातात.

आपलं मोठं भांडण त्यावरूनच झालं. तुम्ही भरलं वांगं करत होतात. मी म्हणाले, "तुमच्या जागी मी असते तर त्या बाईचं तोंड बघितलं नसतं." तुम्ही वांग्याला चीर देत म्हणालात, "तू नवऱ्याचं नाव महिन्यातनं एकदा घेतीस. गौरीचं रोज घेतीस. तुला नवरा गेल्याचं लागलेलं नाही."

मी उठले, चपला घातल्या आणि निघाले. पुढे कितीतरी आठवडे आले नाही. गुरुवारी शिरीषचा फोन आला की मात्र हो म्हणत राहिले.

परत आले तेव्हा तुम्ही दार उघडून जणू काल गेले होते तसं "ये" म्हणालात. मग जेवताना स्वतःहून बोललात. "गौरीला माफ कर असं मी म्हणत नाही बघ. करू नको. तिला माहीत होतं. माझ्या हौसाला माहीत नव्हतं. हे दोन वेगळे. तू उगाच माझ्याकडं बघून स्वतःला कमी समजू नको."

मी तेव्हा मान खाली घालून भात कालवत होते. मला म्हणायचं होतं, आक्का, तुम्ही एवढं एक वाक्य बोललात त्यानं माझ्या मानेवरचं ओझं उतरलं. पुण्याच्या माझ्या सगळ्या माणसांनी, आईनंसुद्धा, मला मोठ्या मनाची हो म्हणून सांगितलं होतं. तुम्ही एकट्याच म्हणालात, करू नको. हे बोलायचं राहिलं. मी म्हटलं काय, तर वांगं तिखट झालंय.

तुम्ही गेलात ते सकाळी, स्वयंपाकघरात. शिरीषचा फोन आला, मी धावले, तुम्हाला बघितलं, परत आले. त्या गडबडीत मी हौसाबाईंचा विचार केला नाही असं नाही. मला वाटलं, त्यांना कुणीतरी कळवेल. कोण कळवणार होतं?

दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. तुम्ही कधीतरी माझा नंबर त्यांना देऊन ठेवला होता. "ताई, मी हौसा, आनेकलची. आक्का फोन उचलेनात. काल लावला तर कुणी बाप्यानं कट केला. आता लागतच न्हाई. बऱ्या हायत न्हवं?"

तुमचा फोन शिरीषकडे होता. पडद्यावर नाव बघून त्यानं तो कापला होता आणि नंबर बंद करून टाकला होता. आईला आगीत ठेवून आलेला माणूस, आणि त्याला तेवढं सुचलं.

मी सांगितलं. पलीकडून एका मिक्सरचा आवाज येत होता, तो थांबला. मग त्या म्हणाल्या, "जेवलात का तुम्ही?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "जेवा." आणि थोड्या वेळानं, "मला त्यांचं घर बघायचंय. आतनं. एकदा."

तेराव्याच्या सकाळी मी गाडी काढून आनेकलला गेले. तुम्ही असताना गेले नाही, नसताना गेले. हौसाबाई बसस्टँडच्या बाहेर उभ्या होत्या. माझ्या मनात काय काय होतं, पण समोर एक ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली, इस्त्रीची साडी नेसलेली बाई होती. गाडीत त्यांनी मला विचारलं, गाडी लागली तर खिडकी कशी उघडायची. मग रस्ताभर स्वतःच्या गुडघ्यांविषयी बोलल्या. मला त्या आवडल्या नाहीत, आक्का. मला वाटलं होतं, तुम्ही जिच्यासाठी इतकं खोटं बोललात ती कुणीतरी विलक्षण असेल. ती नुसतीच एक बाई होती.

तुमच्या हॉलमध्ये खुर्च्या लावल्या होत्या. आम्ही मागे, दाराजवळ बसलो. शिरीषनं आम्हाला बघितलं आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला. तो माझ्यापाशी येऊन वाकला आणि हळू म्हणाला, "मीनलताई, प्लीज. आज नको."

"बसल्यात नुसत्या," मी म्हणाले.

तेवढ्यात तुमचे धाकटे दीर बोलायला उभे राहिले. घसा साफ केला. म्हणाले, दादा आणि वहिनींचा संसार म्हणजे आदर्श संसार. म्हणाले, वहिनींनी कधी तक्रार केली नाही. मग फोटोकडे बघून, आवाज जरा ओला करून म्हणाले, "वहिनी फार चांगल्या होत्या. देवानं त्यांना लवकर नेलं."

माझ्या शेजारून आवाज आला. मोठा नव्हता.

"हे तुम्ही मागं पण म्हणाला होता."

सगळ्या माना वळल्या. हौसाबाई बसूनच बोलत होत्या, हातात रुमाल धरून. "माझ्या घरात. दादाबरोबर जेवायला आला होता तवा. पुरणपोळी वाढत होते मी. वहिनी फार चांगल्या होत्या, देवानं लवकर नेलं, असंच. तवा आक्का जित्या होत्या."

आक्का, तुम्हाला हे माहीत होतं का? मला नव्हतं. तुमचा हा दीर, ज्याला तुम्ही रोज सकाळी पहिली कॉफी द्यायचात, तो तिथं बसून तुमच्या श्राद्धाचं जेवला होता आणि वर दोन शब्द बोलला होता. नंतर मी हौसाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "न्हाई सांगितलं. त्यांना त्याच घरात ऱ्हायचं होतं, त्याच माणसाला वाढायचं होतं."

दीर खुर्चीला धरून उभे होते. त्यांनी सगळ्यांकडे बघून विचारलं, "ह्या बाई कोण आहेत?" अगदी अनोळखी माणसाविषयी विचारावं तसं. मला त्या क्षणी घाण वाटली. मी उठले.

"ह्या हौसाबाई. आक्कांची मैत्रीण."

"वहिनींची मैत्रीण तुम्ही," ते म्हणाले.

"मी नाही. दर गुरुवारी आक्का माझ्याकडे येत नव्हत्या. ह्यांच्याकडे जात होत्या, आनेकलला. मी खोटं सांगत होते. ह्या कोण ते तुम्हाला ठाऊक आहे. इथं बसलेल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे."

बेळगावच्या मावसबहिणीनं पदर तोंडाला लावला, पण तिच्या डोळ्यांत आश्चर्य नव्हतं. एकाच्याही नव्हतं. समोरच्या मामी तेवढ्या हळूच "एनायतु, काय झालं" म्हणून विचारत होत्या.

शिरीष हौसाबाईंसमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, पुन्हा दंडाला धरतो. त्या मान वर करून त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "तुला धाप लागायची न्हवं लहानपणी? आता बरं हाय का?"

 त्याचा हात आपोआप छातीवर गेला आणि त्यानं तो लगेच खाली घेतला.

मग तुमची सून उठली. वैशाली, जिच्याविषयी तुम्ही मला नेहमी म्हणायचात की ही घुमी आहे, हिच्या पोटात काय आहे कळत नाही. ती स्वयंपाकघरातून एक पान घेऊन आली आणि बायकांच्या पंगतीत आपल्या शेजारी मांडलं. "मावशी, बसा." शिरीष म्हणाला, "वैशाली." ती म्हणाली, "गुरुवारचा डबा मीच भरत होते. एकट्या बाईला एवढ्या भाकरी लागतात का? आणि मीनलताईंना भाकरी आवडत नाही."

ती गेली तीन-चार वर्षं तुम्हा दोघींपुरतं भरत होती, आक्का. तुम्ही तिला चोरून जात होतात आणि ती तुम्हाला चोरून जास्तीची चटणी घालत होती. कसलं हे घर.

हौसाबाई जेवल्या. वाढलेलं सगळं संपवलं, दुसऱ्यांदा भात मागून घेतला. दीर जेवले नाहीत, निघून गेले. जेवण झाल्यावर वैशालीनं हौसाबाईंना घर दाखवलं, तुमची खोली, कपाटं, तुम्ही बसायचात ती गॅलरीतली खुर्ची. त्या खुर्चीत त्या बसल्या नाहीत. पाठीवर एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "ही लईच कडक हाय. ह्यावर बसून एवढं वाचायच्या?"

मी तुमचं गुपित फोडलं. तुम्ही मला तसं न करायला सांगितलं होतंत. त्याचा मला पश्चात्ताप नाही, पण तुम्ही काय म्हणाला असतात हे मला सांगता येत नाही, आणि त्याचा त्रास होतो. तुम्ही रागावला असतात किंवा हसला असतात. दोन्ही चाललं असतं.

आठवड्यानं शिरीषचा फोन आला. आधी तो खूप बोलला. आमच्या घराची अब्रू, काकांचं वय, तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला काय अधिकार. मी ऐकून घेतलं.   मग त्यानं वेगळ्याच आवाजात विचारलं, "आई तिथं काय करायची? म्हणजे, दिवसभर?"

"वाचायच्या. भांडायच्या."

"भांडायची?" तो म्हणाला. "आई?"

मला त्याची कीव आली आणि कीव आल्याचा राग आला. मी म्हणाले, "मी तिथं कधी गेले नाही, शिरीष. हौसाबाईंना विचार." तो म्हणाला, "ते मला जमणार नाही." मी म्हटलं, "मग राहू दे." त्यानं ठेवला. पुढे विचारलं की नाही मला माहीत नाही, आणि मी त्याच्या वतीनं काही चांगलं गृहीत धरणार नाही.

परवा हौसाबाईंचा फोन आला. गुडघे, पाऊस, शेजारणीची मांजर असं सगळं झाल्यावर म्हणाल्या, "ताई, हातातलं संपलं. आता काय वाचू?"

मी सांगते म्हणाले आणि संध्याकाळी माझ्या कपाटासमोर उभी राहिले. त्यातली निम्मी तुमचीच आहेत, परत न केलेली. एक काढलं, त्यात पहिली बायको दुसरीसाठी विहिरीत उडी घेते. ठेवून दिलं. दुसरं काढलं, त्यात दुसरी पश्चात्तापानं काशीला जाते. तेही ठेवलं. तिसऱ्यात दोघी त्याच्या प्रेतावर गळ्यात गळे घालून रडतात आणि लेखकाला ते फार सुंदर वाटलंय. ते मी जमिनीवर आपटलं. बायका, घरातली गुपितं, मैत्री, सगळं काही होतं तिथं, आक्का, फक्त तुम्ही दोघी कुठल्याच पुस्तकात नव्हतात.

शेवटी मागच्या रांगेतून एक मिळालं. जाडजूड आहे, दोन म्हाताऱ्या आहेत, पावसाळाभर पुरेल. त्यात नवरा दुसऱ्याच पानावर मरतो आणि पुढं त्याचं नावसुद्धा येत नाही. तेच घेऊन मी गुरुवारी आनेकलला निघालेय.